शाबानच्या महिन्यातली गोधडी

आमच्या मोहल्ल्यातल्या खालांच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. खालूंचा इंतेकाल झाला त्यानंतर पहिल्याच महिन्यात त्यांचे बरे कपडे, स्वेटर, शाल, जवळजवळ नव्या चपला असं सगळं खालांनी गरजूंना देऊन टाकलं. पेटीत उरलं ते देण्यासारखं नव्हतं. विरलेल्या सहा लुंग्या, कॉलर झिजलेले चार सदरे, दोन गमछे. दुसऱ्याला द्यायला लाज वाटावी आणि फेकायला हात उठू नये, असं ते सामान. दीड वर्ष ती पेटी तशीच बंद होती.

रज्जब संपत आला तेव्हा एका संध्याकाळी खालांनी ती उघडली आणि आम्हाला बोलावलं. ‘‘याची गोधडी होईल का ग पोरींनो? आता माझ्या डोळ्यांनी एकटीला जमायचं नाही.’’

आम्ही पाचजणी. दोघी शाळेत शिकवतो, एक उर्दू माध्यमाच्या आणि एक मराठी माध्यमाच्या. एक अंगणवाडीत आहे, एक घरी ब्लाउज-ड्रेस शिवते आणि एकीच्या घरी सासू-सासरे, दीर, मुलं मिळून नऊ माणसं जेवतात. गोधडी शिवणं हा आमचा गेल्या काही वर्षांचा शौक. कुणी त्याचे पैसे देत नाही, कुणी बक्षीस देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर सतरंजी अंथरायची, गप्पा मारत टाके घालायचे, जूनपर्यंत एखादी गोधडी हातावेगळी करायची, एवढाच तो शौक. सुट्टीतला शौक सुट्टीत बरा वाटतो. खालांनी मात्र मागणी केली ती शाबानच्या तोंडावर.

शाबान म्हणजे काय, हे घरातल्या बाईला विचारा

मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात शाबान हा सगळ्यात धावपळीचा महिना. रमजानच्या आधी उरकायची म्हणून लग्नं याच महिन्यात. शब-ए-बरातीचा हलवा याच महिन्यात. घराची झाडलोट, डबे घासणं, मसाला कांडून आणणं, सेवया वाळवणं, मुलांचे ईदचे कपडे शिंप्याकडे वेळेत टाकणं हेही याच महिन्यात. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून शाबान दरवर्षी मागे सरकतो. यंदा तो थंडीच्या शेवटी आला आणि नेमका शाळेच्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत येऊन बसला. दहावीच्या परीक्षा तोंडावर, शिष्यवृत्तीच्या मुलांचे जादा तास, शाळेचे कागद, पालकांची सभा. त्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी बाकीची सगळी कामं बाजूला.

आम्ही खालांना म्हणालो, ‘‘ईदेनंतर करू या. मे महिन्यात निवांत बसू.’’

खाला म्हणाल्या, ‘‘मे महिन्यात गोधडी कुणाला लागते? सहेरीला उठते तेव्हा मला थंडी वाजते.’’

याच्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हिशेब मांडला

वेळ नाही असं आपण सगळ्याच म्हणतो, पण किती वेळ लागतो ते क्वचितच मोजतो. यंदा आम्ही पहिल्यांदा मोजलं. गोधडी सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, म्हणजे बहात्तर इंच बाय चोपन्न इंच. धावदोऱ्याच्या दोन फेऱ्यांत एका पेराचं, साधारण एका इंचाचं अंतर. काठाकडून सुरुवात करून चारही बाजूंनी गोल-गोल आत यायचं. अशा सत्तावीस फेऱ्या होतात. सरावाचा हात सहा फूट दोरा घालायला वीस मिनिटं घेतो. पहिली फेरी एकवीस फुटांची, तिला एकटीला सव्वा तास लागावा. आत जाऊ तशी फेरी लहान होते. शेवटची जेमतेम दहा मिनिटांची.

सगळं मिळून अठरा तास. तुकडे जोडायचं काम वेगळं. ते शिवणकाम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं दोन रात्रींत मशीनवर उरकून दिलं.

अठरा तास हा आकडा ऐकून आधी छातीत धस्स झालं. मग त्याचे तुकडे केले. अर्धा-अर्धा तास धरला, प्रत्येकीनं आठवड्याला दोनदा बसायचं ठरवलं, तर पाचजणींचे चार आठवड्यांत चाळीस अर्धे तास होतात. म्हणजे वीस तास. चुकलेलं उसवायला वर दोन तास शिल्लक! कागदावर तरी काम महिन्याच्या आत बसत होतं.

अर्धा तास कुठून काढायचा, हे मात्र प्रत्येकीनं आपापलं पाहायचं होतं. एकीनं असर आणि मगरिबच्या मधला वेळ धरला. एकीनं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा. नऊ माणसांच्या घरातल्या मैत्रिणीनं कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ धरला होता. तो दोन दिवसांत बाद झाला, कारण शिट्ट्या मोजायच्या की टाके? वरण करपलं. मग तिनं घरात सरळ सांगितलं की गुरुवारी आणि रविवारी अर्धा तास मी खालांकडे असेन.

तिचे मियाँ म्हणाले, ‘‘बाजारात तीनशे रुपयांत चांगलं ब्लँकेट मिळतं. सहा लुंग्यांसाठी पाच बायकांचा महिना कशाला?’’

हे म्हणणं खोटं नव्हतं. ब्लँकेट मिळतं आणि ऊबही देतं. वेळेचे पैसे लावले तर गोधडी कधीच स्वस्त पडत नाही. या वादात आम्ही जिंकलो नाही. त्यांनी मत बदललं नाही. पण गुरुवारी मुलीला शिकवणीहून आणायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं. आम्हाला त्यांच्या मतापेक्षा तेच हवं होतं.

काठाकडून आत

पहिल्या आठवड्यात काम झरझर झालं. पाठीला आणि पोटाला खालांच्या जुन्या सुती साड्या, वरच्या थराला लुंग्यांच्या निळ्या-हिरव्या चौकटी, मधे मधे सदऱ्यांचे पांढरे तुकडे. जमिनीवर चारही थर ताणून पसरले, कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले आणि चार बाजूंना चौघी बसलो. सुरुवातीला फेरी मोठी असते म्हणून चौघींना जागा मिळते.

खालांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांच्या पाचवीतल्या नातवानं ती जबाबदारी घेतली. शाळेतून आला की दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा आणि उठताना दहाच्या दहा मोजून डबीत टाकायचा. टाका मात्र खाला बोटांनी चाचपून घालतात. त्यांचा टाका आमच्यापेक्षा सरळ येतो.

आमच्यातली एकजण माहेरची हल्याळकडची, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातली. तिकडे सिद्दी लोकांची वस्ती आहे. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्यांचे हे वंशज, कुणी मुसलमान, कुणी ख्रिश्चन, कुणी हिंदू. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्याही काठाकडून सुरुवात करून फेरी घेत आत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात. त्या घड्यांना फूल म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी समजली जाते. आमच्या मैत्रिणीनं हे सांगितलं आणि लगेच गमछ्याचे चार त्रिकोण घडी करून कोपऱ्यांवर बसवले. खालूंचा लाल गमछा अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होता. खाला बराच वेळ त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

काठाकडूनच का सुरुवात, हे आम्ही खालांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘काठ आधी पक्के झाले की मधलं कधीही करता येतं. मधून सुरुवात केली आणि काम राहिलं, तर पांघरता येत नाही नि धुताही येत नाही.’’ तेव्हा ती शिवणकामाची एक युक्ती वाटली.

टाक्यांबरोबर गप्पा

हात चालतात तेव्हा तोंडही चालतं. उर्दू शिकवणारी म्हणाली, आपण चित्रांच्या किंवा खुशनवीसीच्या संग्रहाला मुरक्का म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळं जोडलेलं असा आहे. अरबीत रुक्आ म्हणजे ठिगळ आणि कागदाचा तुकडाही. त्यावरूनच चिठ्ठीला रुक्का म्हणतात. सूफी लोकांच्या ठिगळांच्या झग्यालाही मुरक्काच म्हणत. मौलवी अब्दुल हक यांनी आपल्या ‘चंद हमअस्र’ या पुस्तकात नूर खाँ नावाच्या एका साध्या माणसाचं चित्र रेखाटलं, त्याला नाव दिलं ‘गुदडी का लाल’. गोधडीत लपलेलं माणिक. मोठमोठ्या नामवंतांच्या पंक्तीत त्यांनी त्या माणसाला बसवलं.

मराठी शिकवणारीनं आठवण करून दिली की गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराजही म्हणत, कारण अंगावर चिंध्यांची गोधडी. दख्खनीत गुदडी, मराठीत गोधडी, कुठे वाकळ. शब्दही शेजारी-शेजारी शिवलेले.

मग बंगालचा विषय निघाला. तिकडे गोधडीला काँथा म्हणतात. जसीमुद्दीन या कवीनं 1929 मध्ये ‘नक्शी काँथार माठ’ नावाचं दीर्घकाव्य लिहिलं. त्यातली साजू नवऱ्याची वाट पाहत आपल्या दोघांची सगळी कहाणी काँथ्यावर टाक्यांनी रेखाटते आणि मरताना सांगते, हा काँथा माझ्या कबरीवर पांघरा. गोष्ट ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. खालांच्या पुढ्यात ही गोष्ट काढायला नको होती, असं मनात आलं.

खाला टाका न थांबवता म्हणाल्या, ‘‘कबरीवर कशाला? थंडी तर जिवंत माणसाला वाजते.’’

विस्कटलेला महिना

दुसऱ्या आठवड्यात शब-ए-बरात आली, शिवाय एकाच रविवारी दोन लग्नं. त्या आठवड्यात मिळून तीन अर्धे तास झाले. तिसऱ्या आठवड्यात अंगणवाडीतल्या मैत्रिणीचा मुलगा तापानं फणफणला, तीन दिवस दवाखान्यात होता. ती बसली नाही आणि आम्ही बसायचो त्या वेळात तिच्या घरी डबा पोचवत होतो. त्याच आठवड्यात एकीनं घाईघाईत मगरिबच्या अंधुक उजेडात टाके घातले आणि उठताना कळलं की गोधडीबरोबर तिची ओढणीही शिवली गेली होती! सगळ्या पोट धरून हसलो, मग ओढणी सोडवायला एक अख्खा अर्धा तास गेला.

हसण्याखाली एक बोच होती. कागदावरच्या हिशेबाशी ताळा बसत नव्हता. जी आली नाही ती पुढच्या वेळी ओशाळून यायची, ‘‘माझे दोन राहिले, मी आज दीड तास बसते’’ म्हणायची. एक तर खरंच दीड तास बसली. दुसऱ्या दिवशी मान अवघडली, घरी स्वयंपाक उशिरा झाला, सासूबाईंचा चेहरा उतरला. शौकाचं ओझं झालं. ‘‘मला जमत नाही, मला वगळा,’’ असं ती म्हणाली तेव्हा आम्ही सगळ्या हादरलो. ज्या कामात मन रमतं म्हणून हात घातला, त्यानंच एका मैत्रिणीला तोडलं तर त्या गोधडीत खाला तरी कशा निजणार?

वाट काढली ती दवाखान्यातून परतलेल्या आईनं. ती म्हणाली, ‘‘नमाजची कजा असते, रोजाची कजा असते. गोधडीची कजा नसते. राहिलं ते राहिलं.’’

त्या दिवसापासून आम्ही हिशेबाचा कागद फाडून टाकला. नियम एकच ठेवला. ज्या दिवशी येशील त्या दिवशी अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मागचं भरून काढायचं नाही आणि पुढचं उसनं घ्यायचं नाही. जी गेली होती ती परत आली.

थोडं का होईना, पण सातत्यानं केलेलं काम अल्लाहला जास्त प्रिय असतं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून हेही समजतं की प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत, जोडे स्वतः दुरुस्त करत. ज्यांच्या खांद्यांवर एवढी मोठी जबाबदारी होती त्यांच्या दिवसात सुई-दोऱ्याला जागा होती. तर आमच्या दिवसात अर्धा तास निघणार नाही, असं म्हणायला आम्ही कोण?

चांद दिसला तेव्हा

रमजानचा चांद दिसला त्या संध्याकाळी आम्ही मोजलं. चाळीसपैकी तीस अर्धे तास झाले होते. सत्तावीसपैकी अठरा फेऱ्या पूर्ण. बरोब्बर मधोमध चार वीत लांब आणि दोन वीत रुंद असा पट्टा टाक्यांवाचून राहिला होता. तिथे फक्त कच्चे टाके. काम सहा अर्ध्या तासांचं, पण त्या रात्री कुणाकडे सहा मिनिटंही नव्हती. तरावीह होती, पहिल्या सहेरीची तयारी होती.

आम्ही खजील होऊन खालांकडे गेलो. खालांनी गोधडी हातात घेतली, काठ चाचपले, चार कोपऱ्यांची चार फुलं चाचपली आणि घडी करून बाजेवर ठेवली. ‘‘काठ पक्के आहेत ना? मग झालं. मधलं ईदेनंतर.’’

त्यांची पहिल्या दिवशीची युक्ती तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आली. आपण बायका शौकाला हात घालायला घाबरतो, कारण वाटतं, पूर्ण होणार नाही. पण काही कामांची रचनाच अशी करता येते की जिथे थांबू तिथे ती उपयोगी पडतात. आधी काठ धरायचे. महिन्याचेही काठ असतात: नमाज, मुलांचं जेवणखाण, शाळेचं काम, घरातल्या आजारी माणसाचं औषध-पाणी. ते पक्के असतील तर मधे राहिलेल्या जागेत एखादी फेरी आज नाही तर उद्या घालता येते.

काम मागे ठेवण्याची किंमत पडली नाही असं मात्र नाही. ईदेनंतर गोधडी पुन्हा अंथरली तर मधल्या पट्ट्यात आतली साडी गोळा झाली होती. रोज पांघरून, घडी करून कच्चे टाके सैलावले होते. ते उसवून, आतलं कापड ताणून पुन्हा बसवण्यात एक संध्याकाळ जास्तीची गेली. मग शेवटच्या नऊ फेऱ्या. अगदी शेवटची फेरी खालांनी एकटीनं घातली. आत एकीपुरतीच जागा होती.

तुम्हाला करून पाहायची असेल तर

आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

कापड आधी धुऊन, वाळवून मगच कापा. सुती कापड सुतीबरोबरच ठेवा. नायलॉनचा तुकडा मधे आला की सुई अडते आणि धुतल्यावर सुती कापड आटतं, नायलॉन आटत नाही, मग चुण्या पडतात.

गोधडी मांडीवर घेऊन नाही, सपाट जमिनीवर पसरून शिवा. दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नका, तो गुंततो. थोडं मेण लावलं तर गाठी कमी पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. चार थरांतून सुई ढकलताना बोटाची चाळण होते.

घरात लहान मुलं असतील तर सुया मोजून काढा आणि मोजून ठेवा. हे काम एखाद्या मुलाला द्या. त्याला महत्त्व वाटतं आणि तुमची काळजी मिटते.

काम मधे थांबणार असेल तर कच्चे टाके जवळजवळ घाला. आम्ही ते लांब-लांब घातले, म्हणून एक संध्याकाळ गेली.

आणि घरात सांगून बसा. चोरून काढलेला वेळ कुणालाच पुरत नाही. ‘‘गुरुवारी असर झाल्यावर अर्धा तास मी नसेन’’ एवढं एक वाक्य बोलायला आमच्यातल्या एकीला सोळा वर्षं लागली. बोलल्यावर घर काही बुडालं नाही.

हे लिहीत असताना खालांची पेटी रिकामी आहे. नातवानं त्यात शाळेची जुनी पुस्तकं भरली आहेत. ऊन वाढलंय, गोधडी घडी करून उशाशी ठेवली आहे, खाला दुपारी तिच्यावर डोकं टेकतात. परवा गल्लीतल्या दुसऱ्या एका घरातून एक गाठोडं आलं आहे, एका सासूबाईंच्या साड्यांचं. अजून सोडलेलं नाही. गुरुवारी असर झाल्यावर बसू.